पकडायचे, पण सोडताही आले पाहिजे

प्रयोगशाळेत पाऱ्याचा तापमापक फुटला, की सांडलेल्या पाऱ्यावर आपण गंधकाची पूड टाकतो. दोघांचे सल्फाइड बनते आणि विषारी वाफ थोपवली जाते. कारखान्यांतही गंधक मुरवलेल्या सक्रियित कोळशातून वायू सोडून त्यातला पारा काढतात. पण ही पकड फार घट्ट असते. कोळसा पाऱ्याने भरला, की तो पुन्हा वापरता येत नाही. उरतो तो विषारी कचरा.

पारा काढणे मात्र टाळता येत नाही. नैसर्गिक वायूचा द्रव करताना तो सुमारे उणे १६० अंश सेल्सियसपर्यंत थंड करतात. त्यासाठीची यंत्रे बहुधा ॲल्युमिनियमची असतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचे पातळ, संरक्षक कवच असते. त्याच्या भेगेतून पारा आत शिरला, की ॲल्युमिनियम त्यात विरघळते. ओलावा मिळताच त्या ॲल्युमिनियमचे ऑक्सिडीकरण होते, पारा मोकळा होतो आणि पुढचे ॲल्युमिनियम पोखरू लागतो. १९७३ साली अल्जीरियात स्किकडा येथील कारखान्यात अशाच यंत्राचा बिघाड झाला आणि या धोक्याकडे सर्वांचे लक्ष गेले.

मग पुन्हा वापरता येईल असा पदार्थ कोणता? पारा लागलेली सोन्याची अंगठी पांढरी पडते, हे आपण ऐकलेले असते. सोन्याप्रमाणे चांदीही पाऱ्याशी संमिश्र बनवते, आणि तापवल्यावर त्यातला पारा निघून जातो. म्हणून झिओलाइट या सच्छिद्र पदार्थाच्या गोळ्यांवर थोडी चांदी बसवतात. झिओलाइट वायूतले पाणी धरून ठेवते, चांदी पारा.

अशा गोळ्यांनी भरलेले दोन मनोरे असतात. एक थंड स्थितीत पारा पकडतो. त्याच वेळी दुसऱ्यातून सुमारे २९० अंशांचा गरम वायू सोडून त्यातला पारा बाहेर काढतात. नंतर कामांची अदलाबदल होते.

चौकस विद्यार्थी येथे विचारील, "पारा तर ३५७ अंशांना उकळतो, मग २९० अंशांना कसा निघतो?" दोरीवरचे ओले कपडे वाळायला पाणी उकळावे लागते का? तसेच हे. वाहता वायू वाफ सतत वाहून नेतो. (हा प्रयोग वर्गात करू नये, पाऱ्याची वाफ घातक असते.)

बाहेर पडलेला वायू थंड केला, की बराचसा पारा द्रवरूपात वेगळा होतो. त्या वायूत थोडी वाफ उरतेच; तिच्यासाठी गंधकयुक्त कोळशाचा छोटा थर ठेवता येतो.

पारा हे मूलद्रव्य आहे. तो जाळून नष्ट होत नाही. चांदी त्याला संपवत नाही, एका जागी गोळा करते. गोळा केलेला पारा बंदिस्त ठेवण्याची जबाबदारी आपलीच राहते.