फासे, बातमी आणि साथ

सकाळी 7
रात्री लावलेले रन संपले का, हे चहाआधी बघायची खोड आहे. संपलेत. गाव कल्पित, वस्ती दहा हजार, रोगी एक, आर-नॉट 2. म्हणजे सुरुवातीला एक आजारी माणूस सरासरी दोघांना आजार देतो. समीकरणं म्हणतात, साथ पसरणारच. पण प्रत्येक संसर्ग गिलेस्पीच्या पद्धतीने फासे टाकून ठरवला, की जवळपास निम्म्या रनमध्ये ती उठायच्या आतच विझते. पहिला रोगी कुणाला लागण व्हायच्या आत बरा झाला, संपलं.

सकाळी 10
पीएचडीच्या विद्यार्थ्याने फळ्यावर माध्यमांचं पद लिहिलंय. रोगी वाढले की बातम्या वाढतात, लोक गर्दी टाळतात, संसर्गदर उतरतो. ‘‘मॅडम, बातम्यांचा जोर वाढवला की शिखर खाली येतं, पण आर-नॉट हलतच नाही.’’ हलेल कसा? रोगी मोजकेच असताना बातमीच नसते. म्हणजे जिथे फाशांचं चालतं तिथे वर्तमानपत्र गप्प, आणि ते बोलू लागतं तोवर रोगी इतके झालेले असतात की फाशांना कोण विचारतो!

दुपारी 12
मग जागरूकता वेगळं चल म्हणून घेतली, 2011 मध्ये मिश्रा, शर्मा आणि शुक्ला यांनी घेतली तशी. ती हळू ओसरू दिली, की रोगी दहा-वीसवर आले तरी लोक जपूनच वागतात, आणि तेव्हा फासे आपल्या बाजूने पडतात. निव्वळ समीकरणात 0.3 रोगी उरतो आणि त्यातूनही पुन्हा लाट येऊ शकते. फाशांच्या मॉडेलमध्ये 0.3 माणूस नसतो. माझ्या मते बातमी किती मोठी यापेक्षा ती किती दिवस लक्षात राहते, हेच मोजायला हवं.

दुपारी 3
तास. केरमॅक आणि मॅकेंड्रिक यांचा 1927 चा निबंध. त्यातला आलेख मुंबईतल्या प्लेगच्या मृत्यूंचा, डिसेंबर 1905 ते जुलै 1906. मुंबई म्हटल्यावर मागचा बाकही मान वर करतो. वक्र आकड्यांवर इतका सुरेख बसतो की मला त्याचा संशयच येतो. उंदीर, पिसवा, ऋतू यांचं काय? मला मॅकेंड्रिकचा 1926 चा निबंध जास्त आवडतो. भारतात नोकरी केलेला हा डॉक्टर एका गावातला कॉलरा घरागणिक मोजतो. घरं 223. एकही रोगी नाही अशी 168, एक रोगी असलेली 32, दोन असलेली 16, तीन असलेली 6, चार असलेलं 1. त्याचा प्रश्न: या 168 पैकी कॉलरा किती घरांपर्यंत पोचला होता आणि तरी कुणी आजारी पडलं नाही? नुसत्या रोगी घरांच्या आकड्यांवरून तो सुमारे 37 असं उत्तर काढतो. बाकीच्या घरांच्या वाटेला कॉलरा गेलाच नाही. वर्गाला हे दोनदा सांगावं लागतं.

संध्याकाळी 5
विद्यार्थी परत येतो. सप्टेंबर 1994, सुरत. प्लेगची बातमी फुटली आणि लाखो लोकांनी शहर सोडलं. ‘‘मॅडम, इथे माध्यमांच्या पदाचं चिन्ह उलटं घ्यायचं का?’’ नाही रे. ज्यांनी शहर सोडलं त्यांनी सुरतेतली गर्दी कमीच केली. धोका गेला तो गाडीने, दुसऱ्या गावाला. त्यासाठी दोन शहरं हवीत, मध्ये रेल्वे, आणि समीकरणं तीनाची सहा. तो वही उघडतो.