अधिवृक्काच्या गाठीचा माग

जबलपुरातील गोहलपुरासारख्या दाट वस्तीत राहणाऱ्या एखाद्या माणसाचे डोके अकस्मात ठणकू लागावे, अंगाला दरदरून घाम फुटावा, छाती धडधडावी आणि घटकाभरात सारे ओसरून जावे, असे वरचेवर घडू लागले म्हणजे घरची मंडळी पित्ताला बोल लावतात, शेजारी काळजीला लावतात, आणि रक्तदाबाच्या गोळ्या वाढत जातात. अशांपैकी फार थोड्यांच्या, परंतु मुळीच दुर्लक्षू नये अशा काहींच्या, मूत्रपिंडाच्या माथ्यावरील जेमतेम चार-पाच ग्रॅम वजनाच्या अधिवृक्क ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ असते आणि ती ॲड्रिनलिनच्या कुळातील संप्रेरके रक्तात बेसुमार सोडीत असते.

गाठ आहे किंवा नाही याचा निवाडा छायाचित्रावरून करू नये. तो रक्तातील अथवा चोवीस तासांच्या लघवीतील मेटानेफ्रिनच्या, म्हणजे या संप्रेरकांच्या विघटनातून उरणाऱ्या द्रव्यांच्या, मोजणीवरून करावा. हा क्रम मी आवर्जून सांगतो, कारण सीटी स्कॅनमध्ये अधिवृक्कावर दिसणाऱ्या पुष्कळ गाठी निरुपद्रवी असतात. मोजणीने संशय पक्का झाल्यावर मात्र गाठीचे ठिकाण शोधणे अगत्याचे ठरते. ती क्वचित मानेत, छातीत किंवा मूत्राशयाजवळही असते, कधी दूरवर पसरलेली असते, आणि केवळ आकार दाखविणाऱ्या चित्रावरून त्या गोळ्याचा स्वभाव कळत नाही.

तो स्वभाव ओळखणारे एमआयबीजी हे द्रव्य १९८० च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात सिद्ध झाले. नॉरॲड्रिनलिनशी त्याचे इतके सादृश्य आहे की या गाठीच्या पेशी त्याला आपलेच मानून आत ओढून घेतात. त्याला किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले असले म्हणजे ते जिथे साठते तिथून गॅमा किरण बाहेर पडतात आणि कॅमेरा ते टिपतो. किरणोत्सर्गी द्रव्यांनी निदान करण्याची विद्या आपल्याकडे रुजविण्याचे मोठे श्रेय भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, १९६३ साली मुंबईत परळ येथे स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरकडे जाते.

तपासणीची रीत संथ आहे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीने सुटे आयोडीन शोषू नये म्हणून रुग्णाला आधीपासून ल्यूगोल द्रावणाचे गर्द तपकिरी थेंब पाण्यातून देतात. मग शिशाच्या आवरणातून काढलेले औषध शिरेतून सावकाश टोचतात, आणि आयोडीन-१३१ वापरले असेल तर एक व दोन दिवसांनी रुग्णाला कॅमेऱ्याखाली निश्चल निजवितात. यकृत, लाळग्रंथी व मूत्राशय स्वभावतःच चित्रात उमटतात. म्हणून तिथला प्रत्येक डाग गाठीचा नव्हे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावे लागते. अलीकडे गॅलियम-६८ लावलेल्या डोटाटेट या दुसऱ्या द्रव्याचा पेट स्कॅन पुष्कळ ठिकाणी होतो. त्या गॅलियमचे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटांचे असल्याने काम त्याच दिवशी उरकते, आणि लहान व विखुरलेल्या गाठी त्यात बहुधा अधिक स्पष्ट दिसतात.

परगावी तपासणीस निघणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची, अगदी सर्दीच्या गोळीचीसुद्धा, यादी सोबत न्यावी. लॅबेटालॉल, नैराश्यावरील काही औषधे आणि स्यूडोएफेड्रिन असलेल्या गोळ्या एमआयबीजीला पेशीत शिरू देत नाहीत, आणि असलेली गाठ चित्रात दिसेनाशी होते. मात्र कोणती गोळी केव्हा थांबवावी, हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.