दारावरची पाटी आणि आतला कॅमेरा

गेले वर्षभर मी खरेदीला गेलो की आधी दारावरची पाटी वाचतो. ‘आपण सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात.’ पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर काय किंवा दादरला काय, मजकूर बहुधा हाच. चित्रण कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, कुणाला देतो, हे मात्र पाटीवर नसते. दुकानदाराला विचारले तर उत्तर ठरलेले, “चोऱ्या होतात हो.” ते खोटे नाही. सणाच्या गर्दीत चार नोकरांनी चाळीस गिऱ्हाइकांकडे लक्ष द्यायचे तरी कसे?

कायद्याची रेषा एका ठिकाणी अगदी स्पष्ट आहे. कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेऱ्याने डोकावणे हा गुन्हा आहे; माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ‘६६ ई’ आणि भारतीय न्याय संहितेचे ७७ वे कलम त्यासाठीच आहे. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका दुकानात तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांनी अशीच तक्रार केली, तेव्हा देशभर गाजावाजा झाला होता. खरी गुंतागुंत आहे ती मोकळ्या दालनात.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. पण तो प्रामुख्याने शासनाविरुद्ध मागायचा हक्क. दुकानदाराला बांधणारा कायदा नंतर आला, तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ग्राहकाच्या हक्कांची कलमे लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती, अशी त्यातली व्याख्या आहे. डीव्हीआरमध्ये साठलेला आपला चेहरा तिच्यात बसतो. संमती घ्यायची तर ती मोकळेपणाने, नेमक्या हेतूसाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी. उंबरा ओलांडणे ही तशी कृती नव्हे, असे माझे मत आहे. दूध घ्यायला आलेला माणूस दूध घ्यायला आलेला असतो. संमतीसाठीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळाली पाहिजे, असेही हा कायदा म्हणतो. मराठीच्या नावाने गळा काढणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

सतराव्या कलमाशी मात्र मी थबकलो. गुन्ह्याचा प्रतिबंध किंवा तपास यांसाठी माहिती वापरली जात असेल, तर सूचना, संमती, आपली माहिती पाहण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क, हे सारे बाजूला पडते. उरते ती मुख्यतः माहिती सुरक्षित राखण्याची जबाबदारी. ही सवलत पोलिसांपुरतीच आहे, असे कलमात म्हटलेले नाही. म्हणजे ‘चोऱ्या होतात हो’ या साध्या वाक्याला कायद्याची ढाल मिळू शकते. तेच चित्रण कोणत्या मांडणीपुढे गिऱ्हाईक जास्त रेंगाळते हे मोजायला वापरले, तर ती ढाल गळून पडायला हवी. पण वापर बदलला हे ग्राहकाला कळणार कुठून?

शिवाय हेतू चोरी रोखण्याचाच असला तरी यंत्राची ओळख बरोबर असते, असे नाही. अमेरिकेत राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने २०१२ ते २०२० या काळात शेकडो दुकानांत चेहरे ओळखणारी यंत्रणा चालवली. संशयितांच्या यादीतल्या छायाचित्राशी चेहरा जुळला की नोकराला इशारा जाई. यादीतली छायाचित्रे अनेकदा धूसर होती. फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीनुसार निरपराध माणसांना चारचौघांत हटकले गेले. अकरा वर्षांच्या एका मुलीची झडती घेतली गेली. चुकीचे इशारे कृष्णवर्णीय आणि आशियाई वस्त्यांतल्या दुकानांत अधिक येत. अशी यंत्रणा लावली आहे, हे ग्राहकांना सांगितलेच नव्हते. डिसेंबर २०२३ मध्ये कमिशनने तिच्या वापरावर पाच वर्षांची बंदी आणली.

मला हवी असलेली पाटी चार ओळींची आहे: चित्रण कशासाठी, किती दिवस, कोण पाहतो, चेहरा ओळखणारी यंत्रणा आहे की नाही, आणि खाली विचारपूस करायला एक फोन नंबर. आमच्या ओळखीच्या किराणा दुकानदाराला मी हा मजकूर लिहून दाखवला. त्याने तो दोनदा वाचला. म्हणाला, “काका, लावतो की. पण किती दिवस राहतं ते मलाच माहीत नाही. कॅमेरे बसवणाऱ्या पोराला विचारायला लागेल.”