मोटारीचा उखळीचा सांधा

भिलाईचे नाव घेताच डोळ्यांपुढे उभे राहते ते पोलाद. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आज या कारखान्यात शंभर टनांहून अधिक वितळलेले पोलाद एका वेळी सामावणारी भांडी आहेत. अशा भांड्याचा सारा भार दोन बाजूंच्या आसांवर व त्यांच्या बेअरिंगांवर पडतो. उष्णतेने आस किंचित तिरपा झाला तरी तो अडकू नये, म्हणून या बेअरिंगांचा अंतर्भाग गोलाच्या आकाराचा ठेवलेला असतो.

वाचकहो, हेच तत्त्व आपल्या खुब्याच्या सांध्यात आहे. शाळेत आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून ओळखले. आपल्या दाराशी उभ्या असलेल्या मोटारीतही असाच सांधा असतो.

चाकाला मोटारीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या भुजेस 'कंट्रोल आर्म' म्हणतात. नेहमीच्या मोटारीत तिच्या सांगाड्याकडील टोकास रबरी बुश असतो. रबर धक्के व आवाज गिळते. पण जोराने ब्रेक लावताना ते दबते आणि चाकाची दिशा अत्यल्प बदलते. हा दोष टाळण्यासाठी काही हौशी चालक बाजारातून वेगळ्या भुजा आणून बसवितात. त्यांत रबराऐवजी पोलादी गोल व त्याभोवतीचे पोलादी कडे असते. अशी मोटार हाताच्या इशाऱ्यानिशी वळते. तथापि, रबर जी झीज मुकाट्याने सोसत होते, तिची काळजी आता मालकाने वाहावयाची असते. असा बदल करण्यापूर्वी मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मधील निर्बंधांची परिवहन कार्यालयात चौकशी करणे इष्ट होय.

या सांध्याचा मुख्य शत्रू धूळ. उन्हाळ्यात मुरुमाची तांबडी धूळ उडते, पावसाळ्यात तिचाच चिखल होतो. जात्यात दाणा भरडला जातो. सांध्यात शिरलेला वाळूचा कण मात्र सांध्यालाच भरडतो.

म्हणून प्रथम आपले बेअरिंग कोणत्या जातीचे, हे जाणून घ्यावे. काहींत पोलादावर पोलाद घासते. त्यांना ग्रीस लागते व ते भरण्यासाठी छिद्र किंवा निपल ठेवलेले असते. इतरांत कड्याच्या आतून टेफ्लॉनचे पातळ अस्तर असते. नॉनस्टिक तव्यावर असतो तोच हा पदार्थ. अशा बेअरिंगास ग्रीस किंवा तेल लावू नये. अस्तर स्वतःच गुळगुळीत असते. वरून लावलेल्या ग्रीसने केवळ धूळ चिकटते. 'थोडे ग्रीस लावले तर बिघडले कुठे?' असे म्हणणाऱ्या मेकॅनिकला हे शांतपणे सांगावे.

स्वच्छतेसाठी मऊ ब्रश, साबणाचे पाणी व कोरडे फडके पुरे. पाण्याचा जोरदार फवारा सांध्यावर रोखू नये. त्याने चिखल आत ढकलला जातो. सांध्यावर रबरी टोपण असल्यास ते फाटले आहे काय, हे पाहावे. फाटले असल्यास ताबडतोब बदलावे.

तपासणी दर तीन महिन्यांनी, तसेच पावसाळ्यापूर्वी व नंतर न चुकता करावी. मोटार सपाट जागी उभी करून उरलेल्या चाकांना अडणी लावावी. जॅकने उचलल्यावर ती भक्कम स्टँडवर टेकवावी; केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही खाली शिरू नये. मग चाक वर-खाली धरून हलवावे व दुसऱ्याने सांध्याकडे लक्ष ठेवावे. गोल कड्यात खुळखुळत असेल तर अस्तर झिजले असे समजावे. लहानशा खड्ड्यावर खटखट आवाज येणे, ब्रेक लावताच मोटार एका बाजूस ओढली जाणे, टायर एकाच कडेने झिजणे, हीही त्याची लक्षणे असू शकतात.

झिजलेले अस्तर भरून येत नाही. बेअरिंग बदलावेच लागते. नवे बेअरिंग हातोड्याने ठोकू नये. प्रेसने, बाहेरच्या कड्यावर समान दाब देऊन ते बसवावे आणि अडकणीची रिंग तिच्या खाचेत नीट बसल्याची खात्री करावी. बोल्ट उत्पादकाने सांगितलेल्या मापानेच आवळावेत. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

भिलाईहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. दिवाळीसाठी तिकडे निघालेल्या मोटारीत आजी असते, मुले असतात. त्यांच्या गप्पा रंगलेल्या असताना चाकाची दिशा राखण्याचे काम हे मुठीएवढे सांधे करीत असतात. पोलाद कितीही उत्तम असले तरी स्वतःची धूळ ते स्वतः पुसू शकत नाही. ते काम आपले आहे, आणि सुटीच्या एका सकाळीत ते सहज उरकते.