संकेतस्थळांची चाळणी

कार्यालयात येणाऱ्या टपालाची एक ठरलेली रीत असते. आवक लिपिक पत्राची नोंद करतो, ते संबंधित कार्यासनाकडे पाठवितो आणि निनावी वा संशयास्पद पत्र बाजूला ठेवतो. आज कार्यालयांतील संगणक एका जाळ्याने जोडलेले असून इंटरनेटवरून येणारा मजकूर टपालाच्या कितीतरी पट आहे. तो माणसाने तपासणे शक्य नसल्याने जाळ्याच्या वेशीवर एक यंत्रणा बसविली जाते. तिलाच वेब फिल्टर, म्हणजे संकेतस्थळांची चाळणी, असे म्हणतात.

दोन कसोट्या

पहिली कसोटी वर्गाची होय. शिक्षण, आरोग्य, बँकव्यवहार, जुगार, अश्लील मजकूर अशा वर्गांत संकेतस्थळांची विभागणी केलेली असते. कोणता वर्ग खुला ठेवावयाचा आणि कोणता बंद, हे कार्यालय ठरविते.

दुसरी कसोटी विश्वासार्हतेची. संकेतस्थळाचे नाव केव्हा नोंदले गेले, तेथून पूर्वी घातक आज्ञावली पसरली होती काय, अशा बाबी पाहून त्यास गुण दिले जातात. फसवणुकीसाठी उभारलेली संकेतस्थळे बहुधा अल्पायुषी असतात. म्हणून नुकत्याच नोंदलेल्या नावाकडे यंत्रणा साशंकतेने पाहते. एखाद्या बँकेच्या संकेतस्थळाची हुबेहूब नक्कल पहिल्या कसोटीतून निसटू शकेल. दुसरीत ती पकडली जाण्याचा संभव अधिक. म्हणूनच दोन्ही कसोट्या एकत्र लावणे इष्ट ठरते.

चाळणीच्या मर्यादा

तथापि, ही चाळणी अंदाजाने काम करते, हे विसरता कामा नये. बहुतेक संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण आता सांकेतिक रूपात होते. त्यामुळे विशेष व्यवस्था नसल्यास चाळणीला संकेतस्थळाचे नाव तेवढे दिसते, आतील मजकूर दिसत नाही. केवळ शब्दांवर विसंबल्यास काय होते, हे १९९६ साली इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावाने अनुभवले. गावाच्या इंग्रजी नावात एक अपशब्द दडलेला असल्याने तेथील रहिवाशांना एका इंटरनेट सेवेत नाव नोंदविता येईना. शरीरविज्ञान वा आरोग्यशिक्षणाचा मजकूरही याच कारणाने अडू शकतो. अशा वेळी नुकसान होते ते पाठाची तयारी करणाऱ्या शिक्षकाचे वा उपचारांची माहिती शोधणाऱ्या आरोग्यसेविकेचे.

दाद मागण्याची सोय

अमेरिकेने २००० साली कायदा करून, इंटरनेटसाठी केंद्रीय सवलत घेणाऱ्या शाळा व ग्रंथालयांना अशी चाळणी बसविण्याचे बंधन घातले. हा कायदा २००३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयात टिकला. प्रौढ वाचकाने विनंती केल्यास ग्रंथपाल अडविलेले संकेतस्थळ खुले करून देऊ शकतो, हा मुद्दा त्या निर्णयात महत्त्वाचा ठरला.

आपल्या कार्यालयांनी व शाळांनीही यातून बोध घ्यावयास हवा. कोणते वर्ग बंद आहेत आणि का, हे लेखी असावे. अडविलेल्या पानाच्या जागी कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम दिसावे. आलेल्या विनंतीचा निर्णय ठरावीक मुदतीत व्हावा आणि बंद वर्गांच्या यादीचा वेळोवेळी फेरविचार व्हावा.

वेशीवर राखणदार हवाच. पण चुकून अडविलेल्यास दाद मागता येईल, अशी व्यवस्थाही तितकीच आवश्यक आहे.