छापील चित्र आणि सरकारची नजर

राजवाड्यासाठीं काढलेलें चित्र एकच असतें आणि तें राजाला व त्याच्या पाहुण्यांनाच दिसतें. तेंच चित्र दगडावर उतरवून छापलें म्हणजे त्याच्या हजारों प्रती निघतात आणि तें गरिबाच्या भिंतीवरही जाऊन बसतें. चित्राची सत्ता अशी वाढली, तेव्हां राज्यकर्त्यांची त्यावरील नजरही तीक्ष्ण झाली. या नजरेची व तिला चुकविणाऱ्या गुपिताची हकीकत विद्यार्थ्यांनीं आणि त्यांच्या पालकांनीं समजून घेण्यासारखी आहे.

प्रथम छपाईची रीत पाहूं. १७९६ च्या सुमारास आलॉयस झेनेफेल्डर या जर्मन गृहस्थानें शिळाछापाचा शोध लाविला. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनें चित्र काढावयाचें, दगड पाण्यानें भिजवावयाचा आणि मग त्यावरून छपाईची शाई फिरवावयाची. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहींत. म्हणून शाई चित्राच्या रेषांनाच धरते, ओल्या भागास धरीत नाहीं. रंगीत चित्रास प्रत्येक रंगाचा निराळा दगड लागतो. याच विद्येच्या बळावर विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं १८७८ सालीं पुण्यांत चित्रशाळा काढिली. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईस छापखाना घातला. पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला.

हल्लींचे चित्रकार कित्येकदां मुद्दाम मोजक्याच प्रती काढितात व प्रत्येकीवर अनुक्रमांक घालून सही करितात. चित्रशाळेसारख्या छापखान्यांचा हेतु याच्या उलट होता. जितकीं घरें तितक्या प्रती, हें त्यांचें धोरण. आणि सरकारास भय वाटलें तेंही या अगणित प्रतींचेंच. १८६७ च्या कायद्यानें प्रत्येक छापील कागदावर छापणाऱ्याचें नांव व ठिकाण देणें भाग पाडिलें. १९१० चा छापखान्यांचा कायदा याहून कडक होता. नवा छापखाना काढणाराकडून ५०० ते २,००० रुपये जामीन घेण्याची त्यांत तरतूद होती. शिवाय 'दस्तऐवज' या शब्दांत चित्र, रेखाटन व छायाचित्र यांचाही समावेश केला होता. म्हणजे लेखणीप्रमाणेंच कुंचलाही पहाऱ्याखालीं आला. हा कायदा १९२२ सालीं रद्द झाला.

परंतु पहारेकऱ्यास दिसतो तो कागद. त्यावरील अर्थ पाहणाराच्या मनांत उमटतो. याचें उत्तम उदाहरण कीचकाचें. विराटपर्वाची कथा मुळांतच गुपिताची व पाळतीची आहे. पांडव अज्ञातवासांत वेष पालटून राहिले होते आणि दुर्योधनाचे हेर त्यांना देशोदेशीं धुंडीत होते. सैरंध्री झालेल्या द्रौपदीवर कीचकानें हात टाकिला आणि भीमानें त्यास ठार केलें. हा प्रसंग लहान मुलांसही पाठ होता. रविवर्म्यांनीं १८९० सालीं कीचक व सैरंध्री यांचें चित्र रंगविलें, तें पुराणांतील प्रसंग म्हणून. पुढें १९०७ सालीं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें 'कीचकवध' नाटक रंगभूमीवर आलें, तेव्हां प्रेक्षकांनीं कीचकाच्या ठिकाणीं लॉर्ड कर्झन पाहिला, सैरंध्रींत हिंदमाता पाहिली, आणि धर्मराज व भीम यांत मवाळ व जहाल पक्ष ओळखले. नाटकांत कर्झनचें नांवही नव्हतें. १९१० सालीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. परंतु प्रत्येक घरांतील महाभारतावर बंदी कशी घालणार?

ही युक्ति आपल्याच देशाची नव्हे. बायबलांतील प्रकटीकरणाचें पुस्तक रोमन सत्तेच्या काळांत लिहिलें गेलें. त्यांत रोमचें नांव न घेतां 'बाबेल' नगरीच्या पतनाचें वर्णन आहे, आणि ही नगरी म्हणजे रोमच, असें बहुतेक भाष्यकार मानितात. दुर्बळ मनुष्यास सत्य उघड बोलण्याची बंदी झाली म्हणजे तो तें जुन्या कथेच्या वस्त्रांत गुंडाळून सांगतो.

मात्र येथें एक विवेक राखिला पाहिजे. सर्वच गुप्तता चांगली नसते. लांच, फसवणूक व दुर्बळाचा छळ यांनाही अंधारच प्रिय असतो. मग दोहोंतील भेद कशानें ओळखावा? ज्याच्या हातीं सत्ता आहे त्याचें कृत्य उजेडांत असावें. ज्याच्या हातीं ती नाहीं त्याच्या मनाला, घराला व पत्राला पडदा असावा. १९१० च्या कायद्यानें याच्या नेमकें उलट केलें होतें. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हां या पडद्यास घटनेचा आधार मिळाला. आज चौकाचौकांत कॅमेरे आहेत व प्रत्येकाच्या खिशांत फोन आहे. सोबत्याचें चित्र त्यास न विचारतां काढून चहूंकडे धाडणारा विद्यार्थीही एक लहानसा हेरच होय.

तेल्हाऱ्यांत किंवा आसपासच्या खेड्यांत ज्यांच्या घरीं आजोबांच्या वेळची तसबीर असेल, त्यांनीं ती उतरवून चित्राच्या तळाशीं छापखान्याचें नांव आहे काय तें पाहावें. तें बारीक अक्षर म्हणजे सरकारी नजरेची खूण होय. आणि त्या चित्रानें घरच्या माणसांच्या मनांत काय जागविलें, तें मात्र कोणत्याही दप्तरांत नोंदलेलें सांपडणार नाहीं. तें घरांतील वडील माणसांसच विचारावें.