वन्समोअर! नाट्यपदांच्या पोतडीतून

नाटक विसरलं जातं, पद उरतं. ‘संगीत संन्यस्त खड्ग’ पाहिलेला माणूस आज शोधून सापडणं कठीण, पण त्यातलं ‘शतजन्म शोधिताना’ मैफलीत सुरू झालं की सभागृह सावरून बसतं. नाटक आणि पद दोन्ही स्वातंत्र्यवीर सावरकरांचं, चाल वझेबुवांची, साल 1931.

सुरुवात मात्र अण्णासाहेब किर्लोस्करांची. पारशी मंडळींचं संगीत नाटक त्यांनी पाहिलं आणि आपल्या मराठीतही असं हवं, हे मनात घेतलं. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं, तेही पहिल्या चार अंकांचं. दोनच वर्षांत आलेल्या ‘सौभद्र’मध्ये तर शंभराहून अधिक पदं! त्यातलं माझं लाडकं ‘प्रिये पहा’. राग देसकार, म्हणजे सकाळचा. प्रयोग रात्रभर चालत त्या काळी हे पद यायचं आणि बाहेर खरंच उजाडायला लागलेलं असायचं, असं जुने रसिक सांगतात. छोटा गंधर्वांचा कृष्ण हे पद गायचा, तेव्हा वन्समोअर ठरलेलाच.

‘मानापमान’ची गोष्ट काळीज पिळवटणारी आहे. 12 मार्च 1911, मुंबईत पहिला प्रयोग. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. तरीही ते भामिनी होऊन उभे राहिले, गायले. गोविंदराव टेंब्यांच्या त्या चाली ऐकताना हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दहा वर्षांनी, 8 जुलै 1921 रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला. एरवी एकमेकांशी चुरस असलेल्या दोन मंडळ्या एका रंगमंचावर! ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्याच ऑक्टोबरात केशवराव गेले. वय अवघं 31.

‘एकच प्याला’ तर गडकऱ्यांना रंगमंचावर पाहताच आलं नाही. जानेवारी 1919 मध्ये ते वारले, फेब्रुवारीत बडोद्याला पहिला प्रयोग झाला. सिंधूच्या तोंडची पदं गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांची. गडकऱ्यांच्याच ‘भावबंधन’मध्ये मास्टर दीनानाथ लतिका व्हायचे. पुढे त्यांच्या थोरल्या लेकीचं, हेमाचं नाव त्या लतिकेवरूनच लता झालं, असं सांगतात.

राग शिकायचाय? ‘स्वयंवर’ लावा. ‘नाथ हा माझा’मध्ये यमन, ‘मम आत्मा गमला’मध्ये बिहाग, ‘स्वकुलतारक सुता’मध्ये भीमपलास. भास्करबुवा बखल्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला शास्त्रीय संगीताची शिकवणीच दिली, आणि तीही तिकीट काढून आलेल्यांना!

पण एकच पद निवडायचं तर मी डोळे मिटून ‘घेई छंद मकरंद’ म्हणेन. ‘कट्यार काळजात घुसली’ हे 1967 चं, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक. त्यात दोन घराण्यांची झुंज. अभिषेकीबुवांनी ती झुंज एकाच पदाला दोन चाली देऊन ऐकवली. एक सालगवरालीत, संथ, एकेक सूर जपत उलगडणारी. दुसरी धानीत, नाटकातल्या खाँसाहेबांची, चपळ, धारदार. शब्द तेच. वसंतराव देशपांडे तान घेऊन समेवर येतात तेव्हा खाँसाहेबांचा गुर्मीदार स्वभाव गाण्यातूनच कळतो, त्यासाठी संवाद लागत नाही. नाट्यपद म्हणजे काय, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अभिषेकीबुवा आणि दीनानाथ दोघंही गोव्यातल्या मंगेशीचे. ‘बोला अमृत बोला’ घरोघरी पोहोचवणाऱ्या ज्योत्स्नाबाई भोळेही गोव्याच्याच. त्या इवल्याशा भूमीचं आपल्या रंगभूमीवर केवढं ऋण!

आणि हे सगळं इतिहासजमा झालेलं नाही. ‘देवबाभळी’ 2017 साली आलं आणि संगीत नाटकाला पुन्हा गर्दी झाली. तेव्हा रेकॉर्डिंगवर समाधान मानू नका. तुमच्या गावात ‘सौभद्र’ किंवा ‘कट्यार’ लागलं की मुलांना घेऊन जा, नांदीआधी जागेवर बसा आणि पद आवडलं तर मोकळ्या गळ्यानं वन्समोअर द्या.